टॉर्च बंद असताना ऑक्सिजन रेग्युलेटरचा दाब चढतो : तपासून बदलून देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या द्राक्षबागांचे अँगल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट-जाळ्या अशी कामे आम्ही करतो. गॅस कटिंगसाठी आपल्या कंपनीचा सिंगल स्टेज (सिलिंडरमधला दाब एकाच टप्प्यात उतरवून टॉर्चला देणारा) ऑक्सिजन रेग्युलेटर मी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला. बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वॉरंटीत असलेला हा रेग्युलेटर आपल्या सर्व्हिस सेंटरने 'ओके' असा शेरा मारून परत पाठवला. तो ओके नाही. तो धोकादायक आहे, आणि असे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर लिहितो.

कटिंगसाठी दाब ३ किलोवर (दर चौ. सेंमी.ला) लावला आणि टॉर्चचे दोन्ही कॉक बंद केले, की लो प्रेशर गेजचा (टॉर्चकडे जाणारा दाब दाखवणारा) काटा तिथे थांबत नाही. तो हळूहळू वर सरकतो आणि ५ च्याही पुढे जातो. पुन्हा कॉक उघडला की साठलेला दाब एकदम सुटतो, टॉर्च बॅक मारतो (ज्योत उलटी आत जाते), ज्योत विझते. दोन-चार सेकंदांत दाब पुन्हा ३ वर येतो आणि कटिंग व्यवस्थित चालते. आपल्या सेंटरने नेमके इथेच चुकवले. त्यांनी टॉर्च पेटवून, ज्योत चालू ठेवून काटा पाहिला. हा दोष गॅस वाहत असताना दिसतच नाही, तो बंद टॉर्चवर दिसतो. पाच-दहा मिनिटे कॉक बंद ठेवून गेजकडे पाहिले असते तर तिथल्या तिथे कळले असते.

परत आल्यावर आम्ही आमच्या परीने सगळे तपासले. बाटल्याचा (सिलिंडरचा) जोड, होसचे जोड, बॉनेटचे (स्प्रिंगवरच्या झाकणाचे) भोक, सगळीकडे साबणाचे पाणी लावले. कुठेही फेस आला नाही. मग टॉर्च बंद ठेवून बाटल्याचा व्हॉल्व्हही बंद केला. हाय प्रेशरचा (बाटल्याकडचा दाब दाखवणारा) काटा खाली उतरू लागला आणि त्याच वेळी लो प्रेशरचा वर चढू लागला. म्हणजे गॅस बाहेर जात नाही, आतल्या आत सीटवरून (गॅसची वाट बंद करणाऱ्या बैठकीवरून) पलीकडे झिरपतो. अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल केला तरी काटा शून्यावर राहत नाही. स्प्रिंगचा जोर नसतानाही दाब चढतो, तेव्हा सीट नीट बसत नाही, याला दुसरा अर्थ नाही. हाच रेग्युलेटर दुसऱ्या बाटल्यावर लावला, तिथेही तसेच. शेजारच्या शेडमधला रेग्युलेटर आमच्या बाटल्यावर लावला, त्याचा काटा जागचा हलला नाही.

सेंटरच्या तंत्रज्ञाचे म्हणणे, सिंगल स्टेजमध्ये बाटला रिकामा होत आला की दाब थोडा वाढतोच. हे मला मान्य आहे. पण ती वाढ बाटल्यातला दाब कमी होत जातो तशी सावकाश होते. इथे १५० किलो दाबाचा भरलेला बाटला जागेवर उभा आहे, गॅसचा वापर शून्य आहे, आणि काटा काही मिनिटांत चढतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे कारण त्यांनी दिले ते 'आत कचरा गेला असेल, हाताळणी चुकीची' असे. रेग्युलेटर न उघडता हे कसे ठरवले? आम्ही बाटल्याचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवल्याशिवाय रेग्युलेटर बसवत नाही. तरीही शंका असेल तर इनलेटचा फिल्टर माझ्यासमोर काढून पाहा. कचरा असेल तर तिथे दिसेल.

एका गोष्टीचा मला खरोखर राग आला आहे. स्क्रू जड फिरतो असे सांगितल्यावर आपल्या ग्राहक सेवेच्या फोनवरून मला 'थोडे तेल सोडा' असा सल्ला मिळाला. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल! भरलेल्या बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडताच आत जो दाब आणि जी उष्णता एकदम तयार होते, तीत तेलाचा अंश पेट घ्यायला पुरेसा असतो. आपल्याच माहितीपत्रकात तेल-ग्रीस लावू नये असे ठळक छापले आहे. माझ्या शेडमध्ये विशीतला मदतनीस काम करतो. त्याने हा सल्ला ऐकून तेलाची कुपी उचलली असती तर काय झाले असते, याचा आपण विचार करावा. तो फोन कोणी घेतला होता हे शोधून त्या माणसाला नीट शिकवा. त्याची नोकरी जावी अशी माझी अजिबात इच्छा नाही.

माझी मागणी अशी आहे. रेग्युलेटर उघडून सीट आणि डायफ्रॅम माझ्यासमोर तपासावा, काय सापडले ते लेखी द्यावे आणि नवा रेग्युलेटर द्यावा. तो बंद टॉर्चवर तपासूनच माझ्या हाती द्यावा. नुसती सीट बदलून हाच परत देऊ नये, कारण चढलेल्या दाबाचा मार गेजलाही बसला आहे. याच लॉटमधले इतर रेग्युलेटरही तपासा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांची कामे थांबत नाहीत, म्हणून सध्या मी दुसऱ्याचा रेग्युलेटर मागून काम निभावतो आहे.

'धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही' असे विक्रेत्याने मला ऐकवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'च्या व्याख्येतून वगळलेली आहे, म्हणजे तिला कायदा लागतो, आणि टॉर्च मी स्वतः हातात धरतो. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

रेग्युलेटर बाटल्यावरून काढून, इनलेटला टोपी लावून स्वच्छ पिशवीत वेगळा ठेवला आहे. तो खोलायला आम्ही पाना लावलेला नाही, उघडलेला नाही. आपला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे भरलेला बाटला तयार ठेवता येईल. वर लिहिलेली प्रत्येक चाचणी मी त्याच्यासमोर करून दाखवीन.

आपला,
वर्कशॉप चालक,
अंबड, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, सर्व्हिस सेंटरच्या शेऱ्याची प्रत, काटा चढतानाचे फोटो