डोक्यावरची कळशी

प्रिय ताई,

मी तुम्हाला आठवेन की नाही, ठाऊक नाही. मार्चमध्ये भर दुपारी टोपी घालून तुमच्या पार्लरमध्ये शिरले आणि ती काढायलाच तयार नव्हते, ती मी. दुसरीकडे हौसेने ब्लाँड बालायाज करून घेतला होता, म्हणजे केसांच्या बटा हाताने सोनेरी रंगवतात तो, राखाडी झाक असलेला. महिन्याभरात त्याचं असं काही झालं की आई म्हणाली, "डोक्यावर पितळेची कळशी उपडी घातलीयस का?"

पुन्हा ब्लीच करा म्हणून मी हट्टच धरला होता. तुम्ही एक बट उजेडात नेलीत, हलकेच ताणून पाहिलीत आणि सरळ नाही म्हणालात. गिऱ्हाईक चालून आलेलं असताना!

"हा पिवळा कुठून बाहेरून आलेला नाही, तुझाच आहे." काळे केस ब्लीच केले की आधी लाल, मग केशरी, मग पिवळे होत जातात. माझे केशरी-पिवळ्याच्या मध्येच थांबवले होते आणि वरून टोनरचा हलका रंग फिरवला होता. टोनर म्हणजे कल्हई, चार-सहा आठवड्यांत उडते आणि खालचं पितळ उघडं पडतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेताना तर नाहीच.

मग तुम्ही बाथरूमची चौकशी केलीत, मला जरा विचित्रच वाटलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीवर तांबूस डाग. त्यातलं लोह ब्लीच केलेले केस चटकन शोषतात, हे तेव्हा कळलं. आता शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. घरचे हसतात, हसू देत.

जांभळ्या शाम्पूचं तुम्ही नीळ घातलेल्या धोतरावरून समजावलंत: पिवळ्यावर जांभळा, केशरीवर निळा. "मग उजालाच लावू का?" असं मी खरंच विचारलं होतं. तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या काकूंचा फेसपॅक तडकला. आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं, असं बजावलंत तरी मी अर्धा तास ठेवला. टोकं वांग्याच्या फुलासारखी झाली. घाबरून फोन केला, तर ओरडला नाहीत, "साध्या शाम्पूने दोनदा धू, जाईल." गेलं. केसांची इस्त्री कमी तापवायची आणि उन्हात स्कार्फ बांधायचा, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून पाळतेय.

त्या दिवशी तुम्ही फक्त टोकं कापल्याचे पैसे घेतलेत. तेव्हा नीट आभारही मानले नाहीत, रडवेली होते. आज मानते. चार महिने झाले, मुळाशी काळं दिसतंय, पण खाली पितळ नाही.

शनिवारी आईला घेऊन येतेय. तिच्या पांढऱ्या केसांवर पिवळट झाक आलीय. कळशीचं तिला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

तुमची,
टोपीवाली