आबांना पत्र: लाल पेन्सिलीचं मतदान

ॲमस्टरडॅम

तीर्थरूप आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बुधवारी इथल्या नगरपालिकेसाठी मत दिलं. परक्या देशाच्या नागरिकालाही पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर हा हक्क मिळतो. मतपत्रिका एवढी मोठी की पसरायला जागा पुरेना. नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा, घडी घालून पेटीत टाकायची, झालं. रात्री नऊला मतदान संपल्यावर मी पुन्हा तिथे गेले, कारण मोजणी बघायला कुणालाही बसता येतं. पेटी टेबलावर उपडी केली, पक्षवार गठ्ठे लावले, आकडा जुळेना तेव्हा सगळा गठ्ठा पुन्हा मोजला. तुमच्या केंद्राध्यक्षाच्या ड्यूट्या आणि लाखेचं सील आठवलं.

एवढ्या पुढारलेल्या देशात पेन्सिल कशी, असं तुम्हाला वाटेल. आबा, 2006 मध्ये इथलं बहुतेक मतदान यंत्रावरच होत होतं, आणि त्या यंत्रातून कागदाचा चिटोराही निघत नव्हता. तेव्हा रॉप खोंग्रैप या संगणकतज्ज्ञाने काही जणांना घेऊन मोहीम उभारली. तिचं नावच होतं, 'मतदान-संगणकांवर आमचा विश्वास नाही'. त्यांनी एक यंत्र मिळवलं आणि आतल्या चिपा बदलून मतं फिरवता येतात हे टीव्हीवर दाखवलं. हे यंत्र फक्त मतं मोजतं, ते बुद्धिबळ खेळताना बघायला आवडेल, असं पुरवठादार म्हणाले होते. या मंडळींनी त्याला बुद्धिबळही खेळायला लावलं! 2008 मध्ये सरकार कागद-पेन्सिलीवर परत आलं.

मला त्यांची भूमिका फार पटते. अमुक निवडणूक चोरली, असा आरोप त्यांनी केला नाही. चोरली नाही, हे तुम्ही दाखवणार कसं, एवढंच विचारलं. शेजारच्या जर्मनीत घटना न्यायालयाने 2009 मध्ये जवळपास हेच सांगितलं: मतमोजणी बरोबर झाली का, हे साध्या नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आलं पाहिजे.

हेच खोंग्रैप 2010 मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद आणि अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ ॲलेक्स हाल्डरमन यांच्यासह आपल्या ईव्हीएमच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात होते. पुढे 2013 मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा अपरिहार्य ठरवला आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र, आलं.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी दिसते ना, मग अजून काय हवं?" सात सेकंद दिसते खरी. पण आत पडलेली चिठ्ठी मोजतं कोण? एका विधानसभा मतदारसंघात सोडत काढून फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. उमेदवार लाखाने जिंको की शंभर मतांनी, केंद्रं पाचच. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी 2024 मध्ये न्यायालयाने फेटाळली. निकाल मान्य आहे, पण हा पाचाचा आकडा माझ्या मनाला पटत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2017 पासून वेगळी रीत धरली आहे. फरक जितका कमी, तितके जास्त कागद हाताने तपासायचे. आपल्याकडे कागद तर आहेच, फक्त तो उघडून मोजायचा आहे.

जुने शिक्के परत आणा, असं मी म्हणत नाही. केंद्र ताब्यात घेऊन गठ्ठ्यांवर शिक्के मारणारी माणसं तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, आणि यंत्राने ते अवघड केलं हे खरंच आहे. म्हणूनच हा विषय तुम्ही मांडावा असं वाटतं. तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत बहुतेकांनी निवडणुकीची ड्यूटी केलेली आहे. यंत्रात घोळ आहे असं म्हटलं की लगेच पक्षांचं भांडण सुरू होतं, तेव्हा तिकडे जाऊच नका. अटीतटीच्या जागी जास्त चिठ्ठ्या मोजा, एवढंच निवडणूक आयोगाला सह्यांनिशी लिहा. मसुदा मी पाठवते, भाषा तुम्ही सुधारा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध ती वेळेवर घेते ना, तेवढं कळवा.

तुमची,
शीला