विषय : मैल्याच्या पंपात मैला गेला म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
सेवा विभागप्रमुख

तुमच्या ग्राहकसेवेला आज सकाळी सातव्यांदा फोन करून झाला. त्यामुळे 'सप्रेम नमस्कार' राहू द्या.

पंप तुमचा कटरवाला, दीड एचपी, सिंगल फेज. वॉरंटी २ वर्षांची, झालेत ११ महिने. बिल सोबत जोडलं आहे. पुण्यातला आमचा रस्ता थरावर थर चढून उंच झाला, घर खाली राहिलं आणि महापालिकेचं ड्रेनेज चेंबर संडासाच्या वर गेलं. म्हणून मैला टाकीत साठवून पंपाने वर चढवावा लागतो. उतार मिळाला असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

१ जुलैपासून पंप सुरू झाला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. ४ तारखेला तुमचा तंत्रज्ञ आला. त्याने चेनने पंप वर घेतला, ऑइलचा प्लग उघडला, तर तेल दुधासारखं पांढरं. 'सील गेलंय साहेब, पाणी आत शिरलंय,' असं तोच म्हणाला आणि तसं स्लिपवर लिहूनही दिलं. कटरला ना केस अडकलेले, ना कापड. सील घेऊन येतो म्हणून गेला, तो गेलाच.

आता आजचा फोन.

'सर, तुमची तक्रार बंद झालीय.'

'का?'

'पंपात बाह्य पदार्थ गेल्याचा शेरा आहे.'

'कसला पदार्थ?'

बाईंनी होल्डवर टाकलं. चार मिनिटं सनई ऐकली. मग उत्तर आलं, 'सर, मैला.'

मी म्हटलं, 'अहो, पंप मैल्याचाच आहे.'

'हो सर, पण मैला आत गेला असेल तर वॉरंटीत बसत नाही.'

मग काय सोडायचं होतं त्यात, गुलाबपाणी? पुढे त्या म्हणाल्या की पंप स्वच्छ धुऊन, वाळवून सेंटरला आणून द्या, आणि टाकीत माणूस उतरवून आतले फोटो पाठवा. माणूस उतरवून! गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. खाली कुणाला उतरावं लागू नये म्हणूनच तर पंप वरूनच खाली-वर करता येणाऱ्या तुमच्या गाइड रेलचे जादा पैसे मोजले. त्या बाईंचा दोष नाही, समोर लिहिलेलं त्या वाचतात. ते लिहून देणाऱ्या गृहस्थांना मला एकदा भेटायचं आहे.

टाकी ५०० लिटरची, घरात माणसं पाच. सक्शन गाडीच्या सहा खेपा झाल्या, प्रत्येकी १,८०० रुपये. ७८ वर्षांची आई रात्री दोनला काठी टेकत शेजारच्या काकूंकडे जाते. आणि सील गेल्याचं तुमच्याच माणसाने लिहून दिलंय, हे पुन्हा सांगतो, कारण सात फोनांत कुणीही ती स्लिप उघडून पाहिलेली नाही.

आमच्या वडिलांच्या विहिरीवर तुमचीच मोटार होती. त्या भरवशावर दुसरं नाव पाहिलंसुद्धा नाही. मूर्खपणा माझा.

सात दिवसांत घरी येऊन सील बदला, मोटार जळली असेल तर पंप बदला आणि गाडीचे १०,८०० रुपये द्या. नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात येतो. तक्रार मी राहतो तिथेच करता येते आणि एवढ्या रकमेच्या खरेदीला फीसुद्धा लागत नाही, तेव्हा म्हातारा दमेल या आशेवर राहू नका.

पंप चेंबरशेजारी गोणपाटावर ठेवला आहे. धुतलेला नाही, धुणारही नाही. माणूस पाठवाल तेव्हा हातमोजे देऊन पाठवा.

आपला,
(अजून तरी) ग्राहक