निष्फळ ठरलेल्या उपचारांनाही बातमीत जागा हवी

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या नियमितपणे येतात आणि मी त्या आवर्जून वाचते. संसर्गजन्य रोग, उच्च रक्तदाब, वंध्यत्व, बालकांचे पोषण या विषयांना आपण सातत्याने जागा देता, त्याबद्दल आभार मानून एक तक्रारवजा विनंती करते. या बातम्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी गुणकारी ठरलेले असते. एखादे औषध उपयोगी पडले नाही, एखाद्या रूढ उपचाराने अपाय झाला, किंवा दोन उपचारांत काहीच फरक आढळला नाही, अशी बातमी क्वचितच वाचायला मिळते. मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांख्यिकी शिकवली आहे, आणि संशोधनाची ही दुसरी बाजू वगळली तर पहिल्या बाजूचेही मोल ठरवता येत नाही, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते.

सर्वांत गंभीर उदाहरण आधी देते. तीव्र ताप असलेले, हातपाय गार पडलेले, रक्ताभिसरण मंदावलेले मूल रुग्णालयात आले की त्याला शिरेतून सलाइन झपाट्याने द्यावे, ही पद्धत दीर्घकाळ मान्यताप्राप्त होती आणि तिच्यामागचा तर्कही पटण्याजोगा होता. युगांडा, केनिया आणि टांझानियातील रुग्णालयांत झालेल्या ‘फीस्ट’ नावाच्या चाचणीत अशी ३,१४१ मुले घेण्यात आली आणि कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे केवळ योगायोगावर सोपवण्यात आले. एका गटाला सलाइन आणि दुसऱ्याला अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाचे द्रावण झपाट्याने देण्यात आले. तिसऱ्या गटाला असा झपाट्याने दिलेला द्रव मिळाला नाही, मात्र बाकीचे सर्व उपचार मिळाले. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या ४८ तासांत द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत शंभरांमागे साडेदहाच्या आसपास मुले दगावली होती, तर तिसऱ्या गटात हे प्रमाण ७.३ होते. म्हणजे सद्हेतूने दिलेल्या उपचारानेच दर शंभरांमागे तीन मुले जास्त गेली.

या चाचणीतील एक तपशील मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. द्रव मिळालेल्या मुलांचे रक्ताभिसरण पहिल्या तासाभरात इतरांपेक्षा अधिक सुधारलेले दिसत होते. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांना उपचार लागू पडल्याचे दिसत होते, आणि मृत्यूची वाढ मात्र नंतरच्या तासांत होत होती. हाती आलेल्या रुग्णांवरून, कितीही अनुभवी डोळ्यांनी पाहिले तरी, हा अपाय लक्षात येणे शक्य नव्हते. तुलनेसाठी गट ठेवला म्हणूनच तो उघड झाला. येथे हेही सांगितले पाहिजे की अतिसाराने पाणी कमी झालेली आणि तीव्र कुपोषित मुले या चाचणीत घेतलेलीच नव्हती. अतिसारात शरीराला पाणी व क्षार परत देणे जीवरक्षकच आहे. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षारसंजीवनीने, म्हणजे तोंडाने द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याने, पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांचे मृत्यू किती कमी केले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. म्हणून एखाद्या चाचणीची बातमी देताना तिच्यात कोण होते याइतकेच कोण नव्हते हेही लिहिणे आवश्यक ठरते. तो एक तपशील गळला, तर योग्य बातमीतूनही घातक समज पसरू शकतो.

बालपोषणाच्या क्षेत्रात हेच निराळ्या रूपात दिसते. लहान मुलांमधील रक्तक्षय पाहता सर्वांना सरसकट लोह द्यावे, हा विचार सरळ व उदार वाटतो. झांझिबारमधील पेंबा बेटावर, जेथे हिवतापाचे प्रमाण फार मोठे होते, तीन वर्षांखालील सुमारे चोवीस हजार मुलांवर याची चाचणी झाली. लोह आणि फॉलिक ॲसिड मिळालेल्या मुलांत गंभीर आजारपण किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आढळले आणि चाचणीतील लोह देणारे गट मुदतीपूर्वी थांबवावे लागले. त्याच सुमारास नेपाळमध्ये, हिवताप नसल्यासारख्या भागात, झालेल्या चाचणीत मात्र असा अपाय दिसला नाही. मृत्यूंत घटही झाली नाही. दोन्ही निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पेंबातील ज्या मुलांची तपासणी करून लोहाची कमतरता नक्की केली होती, त्यांना लोहाचा लाभ झाल्याचेही त्याच अभ्यासाच्या एका भागात दिसून आले. तेव्हा ‘लोह चांगले की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. हिवतापाचा प्रतिबंध व उपचार यांची सोय असल्याशिवाय तशा भागांत सरसकट लोह देऊ नये, ही सावधगिरी जागतिक धोरणात आली ती या ‘अपयशी’ म्हणवल्या जाणाऱ्या चाचणीमुळेच. पोषण आणि संसर्ग हे विषय आपण दोन वेगळ्या रकान्यांत छापतो. मुलाच्या शरीरात त्यांची तशी विभागणी नसते.

उच्च रक्तदाबाच्या बाबतीत मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण औषध रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यायचे असल्यामुळे येथील प्रत्येक निष्कर्षाचा परिणाम कोट्यवधी माणसांवर होतो. रक्तदाबाचा आकडा खाली येणे हे साधन आहे. पक्षाघात, हृदयविकार, हृदय अकार्यक्षम होणे आणि अकाली मृत्यू टळणे हे साध्य आहे. अमेरिकेत सरकारी निधीतून १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑलहॅट’ या चाचणीत बेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण होते आणि चार प्रकारच्या औषधांची तुलना व्हायची होती. त्यांपैकी डॉक्साझोसिन हे औषध रक्तदाब खाली आणत होते, आणि केवळ त्या आकड्यावर कोणी समाधान मानले असते तर ते यशस्वीच ठरले असते. परंतु क्लोरथॅलिडोन या जुन्या मूत्रल औषधाच्या तुलनेत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांमध्ये हृदय अकार्यक्षम होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले आणि २००० मध्ये चाचणीचा तो भाग बंद करण्यात आला. उरलेल्या गटांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जीवघेणा हृदयविकार किंवा हृदयविकाराचा झटका टाळण्याच्या मुख्य कसोटीवर ॲम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल ही त्या वेळची नवी, महागडी औषधे जुन्या, स्वस्त क्लोरथॅलिडोनपेक्षा सरस ठरली नाहीत.

‘नवे औषध जुन्यापेक्षा सरस नाही’ या मथळ्यात थरार नाही, हे मी समजू शकते. पण ज्या कुटुंबाला दरमहा औषधांचा खर्च सोसायचा आहे त्याच्यासाठी याहून उपयुक्त बातमी दुसरी कोणती असणार? नव्या औषधाची जाहिरात करणारे पुष्कळ असतात. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीची बाजू मांडायला कोणी व्यापारी येत नाही, आणि ती मांडण्याचे काम, माझ्या मते, वृत्तपत्रांचे आहे.

याच विषयात आकडे कसे छापावेत याचाही नमुना मिळतो. २०१५ मध्ये ‘स्प्रिंट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवण्याऐवजी १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवल्यास हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना २५ टक्क्यांनी घटतात, असे त्यातून दिसले. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. मात्र प्रत्यक्ष प्रमाण पाहिले तर सुमारे सव्वातीन वर्षांत एका गटात शंभरांमागे ६.८ जणांना आणि दुसऱ्यात ५.२ जणांना अशी घटना अनुभवावी लागली, तर रक्तदाब फार उतरणे, भोवळ येणे, मूत्रपिंडाला इजा होणे हे प्रकार कडक उद्दिष्टाच्या गटात अधिक झाले. शिवाय मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण त्यात नव्हते, आणि मोजमाप रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा घेऊन केलेले होते. घाईने एकदाच मोजलेल्या रक्तदाबाला तोच १२० चा आकडा लावणे बरोबर नाही. ‘२५ टक्के’ आणि ‘शंभरांमागे दीड’ ही दोन्ही विधाने एकाच सत्याची आहेत; वाचकाला दोन्ही मिळाली तरच तो आपल्या डॉक्टरांशी नीट बोलू शकेल.

वंध्यत्वाविषयी लिहिताना मला विशेष काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगातील सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. १९७८ मध्ये शरीराबाहेर फलन होऊन पहिले बाळ जन्मले, तेव्हापासून या शास्त्राने असंख्य घरांत आनंद आणला आहे, यात शंका नाही. तरीही उपचाराचे अनेक प्रयत्न निष्फळ ठरतात, वय पुढे सरकत असते, आणि अशा वेळी मूळ उपचाराला जोडून ‘हेही करून पाहू’ असे पूरक उपाय सुचवले जातात. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम सूक्ष्म ओरखडा काढल्यास गर्भ रुजण्याची शक्यता वाढते, असे काही छोट्या अभ्यासांवरून मानले जाऊ लागले आणि तो उपाय अनेक देशांत रूढ झाला. पाच देशांतील १,३६४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही गटांत अपत्यजन्माचे प्रमाण २६.१ टक्के होते. दशांश चिन्हानंतरच्या अंकातही फरक नव्हता. त्या ओरखड्याची वेदना सोसलेल्या, त्यासाठी पैसे भरलेल्या आणि पुढे यश न आल्यावर स्वतःलाच दोष देत राहिलेल्या स्त्रियांना ही गोष्ट कळण्याचा हक्क होता. मूळ उपायाची बातमी जितक्या ठळकपणे छापली जाते, तितक्याच ठळकपणे हेही छापले गेले पाहिजे.

‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष नेहमी निराशेचा असतो असेही नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोगाच्या औषधोपचारासंबंधी जे संशोधन सुरू झाले, त्यात काही रुग्णांना आरोग्यधामात उत्तम आहार, विश्रांती आणि शुश्रूषा मिळाली, तर काहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बरे होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. या एका ‘फरक नाही’ने आरोग्यधामातील खाटेची वाट पाहण्याची गरज संपवली आणि जगभर क्षयरोगाचा उपचार रुग्णाच्या घरापर्यंत आणला. चांगल्या बातम्यांना माझा विरोध नाही, हेही सांगते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षयरोगाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, हा २०२३ चा निष्कर्ष पहिल्या पानाच्या योग्यतेचा होता.

दोष केवळ वृत्तपत्रांचा नाही. संशोधकांनाही निष्फळ चाचणी लिहून काढण्याचा उत्साह कमी असतो आणि नियतकालिकांनाही ती छापण्याचा. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांमध्ये जीवनसत्त्व ‘अ’ चा उपयोग तपासणारी ‘देवता’ ही चाचणी १९९९ ते २००४ या काळात झाली. इंडोनेशियातील १९८६ च्या अभ्यासात बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. ‘देवता’मध्ये मात्र घट सुमारे ४ टक्के, म्हणजे निव्वळ योगायोगानेही दिसू शकेल इतकीच, आढळली. तिच्या अंमलबजावणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते व्हावेत. पण या विषयावरील ही सर्वांत मोठी चाचणी छापून यायला २०१३ उजाडले, तोवर धोरणे जुन्या आकड्यांवरच आखली जात होती, ही बाब मला अस्वस्थ करते.

सुदैवाने आता पत्रकाराला पडताळणी करता येते. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद सक्तीची झाली आहे. चाचणी सुरू करताना संशोधकांनी कोणती मुख्य कसोटी जाहीर केली होती, किती रुग्ण घ्यायचे ठरवले होते, हे तेथे कोणालाही पाहता येते. बातमीत सांगितलेले यश त्याच कसोटीवरचे आहे की नंतर शोधून काढलेल्या दुसऱ्याच एखाद्या आकड्यावरचे, हे तपासायला फार वेळ लागत नाही.

माझी विनंती एवढीच की संशोधनाच्या प्रत्येक बातमीत तुलना कशाशी झाली आणि शंभरांमागे प्रत्यक्ष फरक किती, ही दोन वाक्ये असावीत. आणि आपण पूर्वी ज्या उपचारांची आशादायक बातमी दिली त्यांचे पुढे काय झाले, हे सांगणारे छोटे सदर महिन्यातून एकदा तरी छापले जावे. अशा सदरासाठी चाचण्यांच्या नोंदी शोधून देण्याचे आणि आकडे तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. हा विषय शिकवलेले माझे काही निवृत्त सहकारीही त्यासाठी वेळ देतील.

आपली विश्वासू,
वैद्यकीय सांख्यिकीची एक निवृत्त अध्यापिका