कोऱ्या नोटेवरची सही : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सविनय नमस्कार.

साहेब, मृगाच्या तोंडावर पैसा लागतो तेव्हा तो चार दिवसांत लागतो. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी आली. तीन लाखांपर्यंतचं बिनव्याजी पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला मिळतं. ज्याचं जुनं थकलं, तो सावकाराच्या ओट्यावर जातो.

माझे वडील असेच गेले. ४० हजार, शेकडा पाच, महिन्याला. प्रॉमिसरी नोटेवर, म्हणजे पैसे फेडण्याच्या लेखी वचनावर, रेव्हेन्यू तिकिटावर सही केली तेव्हा तिच्यावर ना रक्कम होती, ना तारीख, ना व्याज. वर्षाचं व्याज २४ हजार. शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला सरकारने ठरवलेला दर वर्षाला १२ टक्के आहे, त्याने ते ४,८०० झालं असतं. तारण असेल तर दर ९ टक्केच. हे आम्हाला जमीन गेल्यावर कळलं.

दोन वर्षं कापूस विकून ते भरत राहिले. पावती एकही नाही. पुढे त्याच नोटेवर दीड लाखाचा आकडा पडला आणि कोर्टाच्या धाकाने दोन एकरांचं खरेदीखत झालं. त्यात लिहिलंय, ‘पूर्ण रक्कम रोख मिळाली.’ एक रुपया मिळाला नव्हता.

२०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात कोरी नोट घेणं गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बिनपरवाना सावकाराला कोर्टाकडून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांच्या आत असेल तर सहकार खात्याचे जिल्हा निबंधक परत देऊ शकतात. कायदा चांगलाच आहे, साहेब. पण १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा तिकिटावर सही केलेला अर्धवट कागद भरायचा अधिकार तो कागद ज्याच्या हातात आहे त्याला देतो, आणि मोबदला दिला असंच धरून चालतो. तसं नव्हतं, हे सही करणाऱ्याने सिद्ध करायचं. पावती नसलेल्या माणसाने कशाच्या जोरावर करायचं? २०१५ ची सावकारी कर्जमाफीसुद्धा परवानाधारकाच्या कर्जालाच होती.

म्हणून मागणी एवढीच. शेतजमिनीच्या खरेदीखतात रक्कम रोख दाखवली असेल, तर खरेदीखत नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाने त्याची प्रत सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे पाठवावी आणि त्यांनी महिन्याच्या आत विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याचा जबाब घ्यावा. कार्यालयात बोलावू नये. तिथे तो सावकाराच्याच गाडीतून येतो. आणि ९ व १२ टक्क्यांचे दर, तक्रारीच्या फोन नंबरासह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेरणीआधी रंगवावेत.

वडिलांच्या खरेदीखताची झेरॉक्स आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कास्तकार