चि. बाय, सही करण्याआधी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

क्रूझ बोटीवरच्या नोकरीसाठी निवड झाल्याचा तुझा मेसेज मिळाला. आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारी उभी, तिचं 'चेडवाक बोटीर धाडूचा नाय' चालू, आणि तू 'हो बाबा, कळलं बाबा' म्हणून फोन ठेवतेस. म्हणून इथून, माझ्या बोटीवरून, सविस्तर लिहितोय.

त्यांनी मुलाखतीनंतर दाखवलेला व्हिडिओ तू पाठवलास, तो पाहिला. ग्रीसमधल्या सांतोरिनीची पांढरी घरं, आलिशान केबिनची बाल्कनी, शँपेन ओतणारी हसरी मुलगी. त्यात खोटं काही नाही. पण ती मुलगी ड्यूटी संपल्यावर कुठे जाते, ते त्यात नाही.

ती खाली जाते. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रूचा एक सरळ, रुंद पॅसेज असतो. त्याला सगळे 'आय नाइंटी-फाइव्ह' म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून. ब्रिटिश बोटींवरचे जुने लोक 'बर्मा रोड' म्हणतात. डोक्यावर पाइप, खाली रंगवलेलं लोखंड, खिडकी एकही नाही. कचऱ्याच्या ट्रॉल्या, लाँड्रीच्या गाड्या आणि उशीर झालेले वेटर सगळे त्यातूनच पळतात. वर जाणाऱ्या दारापाशी, आपल्या बाजूला, एक आरसा लावलेला असतो. त्यात केस, नेमप्लेट आणि चेहरा नीट करायचा, मग दार ढकलायचं. दारापलीकडे पहिलं पाऊल गालिचावर पडतं. त्या आरशासमोर मी माणसं डोळे पुसतानाही पाहिली आहेत आणि दुसऱ्या क्षणाला दार ढकलून 'गुड इव्हनिंग' म्हणतानाही.

केबिन दोघींची. एकावर एक बंक, आणि पडदा ओढला की आतली जागा तेवढी तुझी. बाथरूम एवढं चिमुकलं की आंघोळ करताना शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो. खालचा बंक मिळाला तर नशीब समज. सोबतीण फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, दक्षिण आफ्रिकेची, कुठलीही असेल. तिची ड्यूटी वेगळी असली तर रात्री दोनला दिवा लागेल आणि त्यावर भांडून उपयोग नसतो.

माझं प्रोव्हिजनचं, म्हणजे बोटीवरच्या खाण्यापिण्याच्या मालाचं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. टर्नअराउंडच्या दिवशी सकाळी जुने पाहुणे उतरतात, दुपारी नवे चढतात, आणि मधल्या काही तासांत पुढच्या सफरीचा सगळा माल बोटीत आला पाहिजे. धक्क्यावर पॅलेटची रांग लागते. खोकी जमतील तेवढी बाहेरच उघडून भाजी-फळं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ओततो, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांमधून झुरळं आत येतात. केळी तीन रंगांची मागवतो. पिवळी उद्यासाठी, अर्धी कच्ची मधल्या दिवसांसाठी, हिरवीगार शेवटच्या दिवसांसाठी. ती लेट्यूसच्या खोलीत ठेवली तर लेट्यूसवर डाग पडतात, पानं लवकर खराब होतात. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही, माल उचलता उचलता कळलं. आणि एक गंमत सांगतो. बोटीवर तांदूळ सर्वांत जास्त लागतो तो वरच्या पाहुण्यांना नाही, खाली आपल्याला. क्रू मेसमध्ये फिलिपिनो, इंडोनेशियन आणि आपण, तिघांनाही दोन वेळा भात लागतो. डाळ रोज असते. कशी असते ते विचारू नकोस. येताना आईचा मालवणी मसाला आण, पण बरणी सीलबंद ठेव आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याने टाकून द्यायला लावली तर वाद घालू नकोस.

तुझी कंपनी लहान, महागड्या बोटींची. पाहुणे शेकड्यांत, हजारांत नाहीत. मीही आधी तसल्याच बोटीवर होतो. तिथे टिप भाड्यातच धरलेली असते, म्हणून टेबलावर पैशांचा विषय निघत नाही. त्याऐवजी लोकांना आपण लक्षात राहावं असं वाटतं. चहात दूध की लिंबू हे दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं तर त्यांचा चेहरा उतरतो. एकेक जोडपं महिना-महिना राहतं, दरवर्षी त्याच बोटीवर येतं. गोड असतात बहुतेक. पण आठ-नऊ महिने कोणाचं तरी म्हणणं लक्षात ठेवत राहणं हे काम आहे, ओझी उचलण्यापेक्षा सोपं नाही, आणि त्याचा थकवा कोणाला दिसत नाही.

आता मुद्द्याचं. 'एमएलसी' (मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन) नावाचा खलाशांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 चा. तो 2013 मध्ये लागू झाला आणि भारताने 2015 मध्ये मान्य केला. त्यातला नियम असा: कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, सात दिवसांत किमान 77 तास. ती विश्रांती फार तर दोन तुकड्यांत देता येते आणि त्यातला एक तुकडा किमान 6 तासांचा हवा. काही बोटी याऐवजी कामाच्या तासांची मर्यादा धरतात, 24 तासांत 14 आणि आठवड्याला 72. तू म्हणशील, एवढी तर भरपूर विश्रांती आहे. पण रविवार नसतो, बाय. कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत पूर्ण सुट्टीचा एकही दिवस नाही. सकाळची सर्व्हिस, मधे दोन तास मोकळे, मग दुपारची, मग ड्रिल (संकटात काय करायचं त्याचा सराव) नाहीतर ट्रेनिंग, मग रात्रीची. त्या मोकळ्या दोन तासांत बार्सिलोना बघायला धावशील तर संध्याकाळी उभी राहू शकणार नाहीस. पहिला महिना फक्त झोप. बंदरं कुठे जात नाहीत.

या तासांची नोंद ठेवावी लागते आणि त्यावर तुझी सही असते. कोणीतरी येऊन सांगेल, 'कामाचा अर्धा तास कमी दाखव, नाहीतर सिस्टीम लाल होते.' म्हणजे नियम मोडल्याचं त्यात दिसतं. आमच्या एका जुन्या बोटीवर हे सर्रास चालायचं. पोरं सही करायची, कारण पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच सुपरवायझरच्या हातात. तू करायची नाहीस. भांडायचंही नाही. 'मी एवढंच काम केलं, तेवढंच लिहीन' एवढंच शांतपणे सांगायचं. बोटीवर तक्रारीची लेखी पद्धत असायलाच हवी, ती चढल्या चढल्या वाचून ठेव. आणि कोणी अंगचटीला आलं, मग तो पाहुणा असो की ऑफिसर, त्याच दिवशी लेखी दे. उद्यावर टाकलं की पुरावा पुसला जातो. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात.

सेफ्टी ट्रेनिंगला कंटाळा करू नकोस. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याच्या इशाऱ्याचा आवाज झोपेतही ओळखता आला पाहिजे. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत जिलिओ बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर घासली, 32 माणसं गेली. त्या दिवशीच चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिलही झालं नव्हतं. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच ते घ्यावं लागतं. त्या वेळी तुझ्या अंगावर लाइफजॅकेट असेल आणि माणसं 'कुठे जाऊ?' हे तुला विचारतील. शँपेन ओतणाऱ्या मुलीलाच. दुसरी आठवण 2020 ची, करोनाची. जपानात योकोहामाला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट अडकली, 3711 माणसं आत आणि 712 जणांना लागण. प्रवाशांना केबिनमध्ये बसवलं आणि त्यांच्या दारात जेवण पोचवलं ते क्रूने. त्यात आपले भारतीयही होते. तुझी आई तेव्हापासून बोटीच्या विरोधात आहे. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

तरीही तू येऊ नकोस असं मी लिहीत नाही. एकाच छताखाली कितीतरी देशांची माणसं, स्वच्छतेची अशी शिस्त की अमेरिकेची आरोग्य तपासणी न सांगता येते आणि 100 पैकी 86 च्या खाली गुण म्हणजे नापास. त्या तपासणीतून गेलेलं पोरगं कुठल्याही हॉटेलात डोळे झाकून उभं राहतं. घर मी याच पैशांवर बांधलं. मात्र चतुर्थीला गणपती आणताना मी घरी किती वेळा होतो, ते तुला माहीत आहे.

एजंटने 'प्रोसेसिंग'चे पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक), मेडिकल, व्हिसा यांपैकी कशाचा खर्च तुझा आणि कशाचा कंपनीचा, ते आधी लेखी विचारून घे. एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) नंबर सरकारच्या डीजी शिपिंगच्या साइटवर तपास. बँकेत एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या) खात्याची चौकशी करून ठेव.

सामानात काळे, न घसरणारे बूट दोन जोड आण, आणि पायांना घट्ट बसणारे मोजे. एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, अगरबत्ती आणू नकोस, आगीच्या भीतीने केबिन तपासताना काढून घेतात. देवाचा छोटा फोटो चालतो.

सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. पगारात ओव्हरटाइम धरलेला आहे की वेगळा, आजारी पडलीस किंवा मध्येच परतावं लागलं तर तिकीट कोणाचं, आणि विश्रांतीचे तास कसे लिहिलेत, ही तीन कलमं मला स्वतः वाचायची आहेत. घाई करत असतील तर म्हणावं, माझे बाबा बोटीवर आहेत, त्यांचं नेटवर्क आलं की कळवते.

आईला नमस्कार. तिच्यासमोर हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

तुझा,
बाबा