सुधाला पत्र : जंतू, चट्टे आणि सुजलेलं बोट

प्रिय सुधा,

कोपरावरचे चट्टे तू रोज जंतुनाशक साबणाने घासतेस आणि घरात तुझा टॉवेल वेगळा ठेवतात, हे वाचून डोकंच फिरलं बघ. आधी तो टॉवेल सगळ्यांच्या दोरीवर वाळत घाल. तुझे चट्टे सोरायसिसचे आहेत, आणि सोरायसिस कुणाचा कुणाला लागत नाही. सासूबाईंना माझं नाव सांग. जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय म्हणावं.

आणि घासणं बंद. खरचटलेल्या धडक्या कातडीवरही नवा चट्टा उठतो, हे कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७०च्या दशकातच दाखवलं होतं.

जंतूंचा संबंध नाही असं मात्र नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सोरायसिसच्या चट्ट्यांवर निरोगी कातडीपेक्षा जास्त वेळा सापडतो. तरी तुझे चट्टे सहसा चिघळत नाहीत, पाहिलंस ना? एक्झिमा असलेल्यांचे चटकन चिघळतात. कारण सोरायसिसमध्ये कातडी स्वतःच जंतू मारणारी प्रथिनं भरमसाट तयार करते. त्यातलंच एक एलएल-३७. दुखणं तिथेच आहे! पेशी मेल्यावर बाहेर पडलेल्या आपल्याच डीएनएला हे प्रथिन चिकटतं आणि शरीराला वाटतं की विषाणू शिरला. हे २००७ साली उजेडात आलं. पुढे असंही दिसलं की बऱ्याच रुग्णांच्या टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खुद्द एलएल-३७लाच शत्रू समजतात. मग आयएल-१७ सारखे दाह पेटवणारे निरोप सुटतात, आणि एरवी महिनाभरात वर येणारी कातडीची पेशी चार-पाच दिवसांत वर येते. त्याच तुझ्या खपल्या. मला तर हा सगळा प्रकार चोर नसताना रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा वाटतो.

चोर कधीकधी घशात असतो. स्ट्रेप्टोकोकसने घसा धरला की दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे चट्टे उठतात, मुलांमध्ये विशेष. त्या जंतूचं एक प्रथिन आपल्या कातडीतल्या केराटिन या प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे, त्यामुळे शरीराची गफलत होत असावी. आइसलँडमध्ये घसा बिघडला की चट्टे वाढणाऱ्या रुग्णांचे टॉन्सिल काढून पाहिले. १५ पैकी १३ जणांना चांगला फरक पडला. लगेच टॉन्सिल काढायला धावू नकोस, पण तुझे चट्टे घशाच्या दुखण्यानंतर वाढतात का, ते आठवून ठेव.

खरी काळजी मला त्या बोटाची वाटते. अख्खं बोट सुजलंय, सकाळी मूठ वळत नाही, नखांवर बारीक खड्डे आहेत, टाच दुखते. तू याला वय म्हणतेस, मी नाही म्हणणार. हा सोरायसिसचा संधिवात असू शकतो. बहुतेकांना आधी कातडीचा त्रास होतो आणि सांधे काही वर्षांनी धरतात. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो तिथेच दाह होतो, म्हणून टाच. तिथे पू किंवा जंतू नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. रक्तातला आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती तपासणी) निगेटिव्ह आला म्हणूनही निश्चिंत होऊ नकोस. या संधिवातात तो बहुधा निगेटिव्हच येतो. उशीर केला तर हाड झिजतं आणि ते भरून येत नाही.

तेव्हा याच आठवड्यात सांधेविकारतज्ज्ञांची वेळ घे. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. इंजेक्शनं सुचवली तर आधी टीबीची तपासणी करतील, घाबरू नकोस. आणि त्या गावच्या वैद्याची पुडी डॉक्टरांना दाखव. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड निघतं, आणि ते एकदम बंद केलं तर सोरायसिस उसळतो. म्हणून मनानेच थांबवू नकोस, त्यांना विचार.

वेळ मिळाली की फोन कर, मी सोबत येते.

तुझी,
मंदा